विश्लेषण : बनियनच्या शस्त्रक्रियेआधी हाडांचे कोन का मोजतात? उत्तर क्ष-किरण शोधणाऱ्या रॉन्टजेन यांच्या आयुष्यात

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा येतो, चप्पल-बूट घासून तो लाल होतो, दुखू लागतो आणि हाड वाढले असे घरातले सगळे ठरवून टाकतात. अस्थिरोगतज्ज्ञ मात्र आधी उभ्याने एक्स-रे काढायला सांगतात, त्यावर रेषा आखतात आणि त्या रेषांमधला कोन मोजतात. बहुतेक वेळा त्यातून वेगळेच कळते. हाड वाढलेले नसते, ते कललेले असते. डोळ्यांना दिसते ते आणि मोजल्यावर कळते ते यांतला फरक पकडण्याचे हे साधन ज्यांनी जगाला दिले, ते जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाचे आयुष्य आणि आजच्या पायाच्या शस्त्रक्रियेशी असलेला त्यांचा संबंध समजून घेऊया.

बनियन म्हणजे नेमके काय?

अंगात घालायच्या बनियनशी याचा काही संबंध नाही. पायाच्या चवड्यात पाच लांब हाडे असतात. त्यांतले अंगठ्यामागचे हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते आणि अंगठा मात्र उलट दिशेने, शेजारच्या बोटावर झुकतो. दोन्ही हाडे जिथे भेटतात तिथे कोपरा तयार होतो. हा कोपरा त्वचेखालून बाहेर डोकावतो, तोच बनियन. वैद्यकीय भाषेत याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. आनुवंशिकता, निमुळत्या टोकाची पादत्राणे, सांध्यांचा सैलपणा आणि संधिवात ही त्याची नेहमीची कारणे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आढळते.

हा विकार जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकातले शल्यविशारदही त्यावर शस्त्रक्रिया करत. पण आत हाड नेमके किती सरकले आहे, हे कातडी उघडण्याआधी पाहण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. बाहेरून बघायचे, हाताने चाचपायचे आणि अंदाज बांधायचा. ही अडचण १८९५ च्या अखेरीस दूर झाली. ती दूर करणारा माणूस डॉक्टर नव्हता, तर यंत्र अभियांत्रिकी शिकलेला होता.

रॉन्टजेन कोण होते?

रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतल्या लेनेप या गावी झाला. वडिलांचा कापडाचा धंदा होता आणि आईचे माहेर नेदरलँड्समधले. विल्हेल्म हे त्यांचे एकुलते एक अपत्य. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब नेदरलँड्समधल्या अपेलडोर्न येथे राहायला गेले. शाळेत ते फार हुशार म्हणून ओळखले जात नव्हते. मात्र हाताने वस्तू बनवण्याची आणि रानावनात भटकण्याची त्यांना आवड होती.

१८६२ मध्ये ते युट्रेक्टच्या तांत्रिक शाळेत दाखल झाले. तिथे कुणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले आणि आळ रॉन्टजेन यांच्यावर आला. चित्र त्यांचे नव्हते, तरी शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यामुळे शाळा पूर्ण केल्याचा दाखला त्यांना कधीच मिळाला नाही आणि विद्यापीठाची नेहमीची वाट बंद झाली.

झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये या दाखल्यावाचूनही प्रवेश मिळू शकत होता. रॉन्टजेन १८६५ मध्ये तिथे गेले, यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि १८६८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. पुढच्याच वर्षी झुरिच विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. तिथेच त्यांची भेट भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट कुंट यांच्याशी झाली आणि यंत्रे मागे पडून प्रयोगशाळा पुढे आली.

नसलेल्या दाखल्याने पाठ कशी धरली?

कुंट यांच्यासोबत रॉन्टजेन सहायक म्हणून जर्मनीतल्या व्हुर्त्सबुर्ग विद्यापीठात गेले. पण स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार त्यांना तिथे नाकारला गेला. कारण तेच, शालेय दाखला नाही. डॉक्टरेट हातात असूनही किशोरवयातला तो आळ आडवा आला.

१८७२ मध्ये त्यांनी झुरिचमध्ये ओळख झालेल्या ॲना बर्था लुडविग यांच्याशी विवाह केला. बर्था यांचे वडील तिथे खानावळ चालवत आणि बर्था वयाने रॉन्टजेन यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या होत्या. या दांपत्याला मूल झाले नाही. पुढे त्यांनी बर्था यांच्या भावाची सहा वर्षांची मुलगी सांभाळायला घेतली आणि नंतर तिला दत्तक घेतले.

कुंट स्ट्रासबुर्गला गेले तेव्हा रॉन्टजेनही गेले. तिथे १८७४ मध्ये त्यांना शिकवण्याचा अधिकार मिळाला. होहेनहाइमची कृषी अकादमी, पुन्हा स्ट्रासबुर्ग, १८७९ पासून गीसेन असा प्रवास करून १८८८ मध्ये ते प्राध्यापक आणि भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख म्हणून व्हुर्त्सबुर्गला परतले. ज्या विद्यापीठाने त्यांना एकेकाळी शिकवू दिले नव्हते, त्याचे ते १८९४ मध्ये कुलप्रमुखही झाले.

या सगळ्या वर्षांत त्यांचे काम होते ते मोजण्याचे. वायूंची विशिष्ट उष्णता, द्रवांची दाबली जाण्याची क्षमता, स्फटिकांचे विद्युत गुणधर्म असे हे विषय होते. बातमी होईल असे त्यात काहीच नव्हते. उपकरणे शक्यतो स्वतः बनवायची, एकट्याने काम करायचे आणि एकच माप अनेकदा घेऊन पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. पन्नाशीला आलेल्या या प्राध्यापकाचे नाव त्यांच्या क्षेत्राबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी काय घडले?

हवा जवळपास पूर्ण काढलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की कॅथोड किरण निर्माण होतात. त्या काळी अनेक शास्त्रज्ञ त्यांच्यावर प्रयोग करत होते. रॉन्टजेन यांनीही ते सुरू केले. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती आणि खोलीत अंधार केला होता. वीज सुरू करताच काही अंतरावरचा एक पडदा चमकू लागला. त्या पडद्याला बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाचा लेप होता. कॅथोड किरण हवेत काही सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत. पडदा मात्र दोन मीटर दूर नेला तरी चमकत होता. म्हणजे नळीतून दुसरेच काही तरी बाहेर पडत होते.

असे काही अनुभवणारे ते पहिले नव्हते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १८९० मध्ये आर्थर गुडस्पीड यांच्या प्रयोगशाळेत एका काचपट्टीवर अशीच अनोळखी सावली उमटली होती. तिचा अर्थ लागला नाही आणि ती बाजूला ठेवली गेली. रॉन्टजेन यांनी तसे केले नाही. पुढचे कित्येक आठवडे ते प्रयोगशाळेतच जेवले आणि तिथेच झोपले. काय चालले आहे ते त्यांनी सहकाऱ्यांनाही सांगितले नाही.

या आठवड्यांत त्यांनी नळीसमोर जे हाती लागेल ते धरले. सुमारे हजार पानांचे पुस्तक, पत्त्यांचे जोड, लाकडी फळ्या, निरनिराळ्या धातूंचे पत्रे. प्रत्येक वेळी जाडी किती आणि किरण किती पार गेले याची नोंद केली. पंधरा मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममधून किरण क्षीण होऊनही पार जात, तर शिशाचा दीड मिलिमीटरचा पत्राही त्यांना जवळपास पूर्ण अडवत असे. लोलकातून ते वळत नाहीत आणि चुंबकाने विचलित होत नाहीत, हेही त्यांनी तपासले.

यातला एक निष्कर्ष पुढे अस्थिरोगतज्ज्ञांच्या फार कामाचा ठरला. किरण सरळ रेषेत जातात, म्हणून वस्तूची रेखीव सावली पडते. जी सावली भूमितीचे नियम पाळते, तिच्यावर पट्टी आणि कोनमापक ठेवता येतो.

हाताच्या चित्राने काय बदलले?

२२ डिसेंबरला त्यांनी पत्नीला प्रयोगशाळेत बोलावले आणि तिचा हात छायाचित्राच्या काचपट्टीवर ठेवला. सुमारे पंधरा मिनिटे किरण सोडल्यावर बर्था यांच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी पट्टीवर उमटली. २८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध व्हुर्त्सबुर्गच्या भौतिक-वैद्यक सभेकडे सोपवला. १ जानेवारी १८९६ ला त्याच्या प्रती चित्रांसह युरोपातल्या शास्त्रज्ञांना टपालाने गेल्या. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी झळकली आणि १३ जानेवारीला त्यांनी बर्लिनमध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यासमोर प्रात्यक्षिक दाखवले.

२३ जानेवारीला व्हुर्त्सबुर्गमध्ये जाहीर व्याख्यान झाले. त्यात त्यांनी ७८ वर्षांचे शरीररचनाशास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्या हाताचे चित्र घेतले. भारावलेल्या क्योलिकर यांनी या किरणांना रॉन्टजेन यांचे नाव द्यावे असे सुचवले आणि सभेने टाळ्यांनी दाद दिली. जर्मन भाषेत आजही तेच नाव चालते. रॉन्टजेन यांनी स्वतः मात्र बीजगणितातल्या अज्ञात राशीचे एक्स हे अक्षर निवडले होते. मराठीत अज्ञात राशीला आपण क्ष म्हणतो. त्यामुळे क्ष-किरण या शब्दात त्यांनीच दिलेले नाव टिकून राहिले आहे.

डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट जोन्स यांनी भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या मदतीने फेब्रुवारी १८९६ मध्येच एका मुलाच्या मनगटात अडकलेला छर्रा शोधला. पुढे नाचताना खुद्द जोन्स यांच्याच पायाला इजा झाली. करंगळीमागचे चवड्याचे हाड मोडले असल्याचे एक्स-रेने दाखवले. १९०२ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि त्या अस्थिभंगाला आजही त्यांचेच नाव आहे. पायाच्या लहान हाडांचे दुखणे आता अंदाजावर सोडायची गरज उरली नव्हती.

बनियनमध्ये कोणते कोन मोजतात?

मुख्य कोन दोन. पहिल्यासाठी अंगठ्याच्या हाडाच्या मध्यातून एक रेषा आणि त्यामागच्या चवड्याच्या हाडाच्या मध्यातून दुसरी रेषा आखतात. त्यांच्यातला कोन साधारण १५ अंशांपेक्षा कमी असेल तर तो सामान्य मानतात. दुसरा कोन चवड्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या हाडांमधला. तो ९ अंशांपेक्षा कमी असावा लागतो. याशिवाय सांध्याचा पृष्ठभाग कोणत्या बाजूला तिरका आहे आणि सांध्याखालची वाटाण्याएवढी दोन हाडे जागेवर आहेत का, हेही पाहतात.

सेंटिमीटरऐवजी कोनच का? एक्स-रेत हाडाची सावली खऱ्या हाडापेक्षा थोडी मोठी पडते. पडद्यापासून हाड जितके दूर, तितकी सावली मोठी. त्यामुळे लांबी फसवू शकते. पण पडद्याला समांतर असलेल्या आकृतीची सावली लहान-मोठी झाली तरी तिचा कोन बदलत नाही. पायाच्या आकाराचाही प्रश्न उरत नाही. २२ सेंटिमीटरचा पाय असो वा २८ सेंटिमीटरचा, कोनांची तुलना करता येते.

एक्स-रे उभ्यानेच का काढतात?

झोपून काढलेल्या एक्स-रेत पायावर शरीराचा भार नसतो. उभे राहिल्यावर चवडा पसरतो, हाडे एकमेकांपासून दूर जातात आणि खरा कोन दिसतो. शस्त्रक्रिया चालणाऱ्या माणसाच्या पायावर करायची असल्याने माप भार असतानाचेच हवे. चवड्याची हाडे जमिनीकडे उतरती असल्याने किरणांची नळीही साधारण १५ अंश टाचेकडे कलवतात. हा कल चुकला की कोनही चुकतो.

एकच एक्स-रे दोन डॉक्टरांनी मोजला तरी उत्तरात काही अंशांचा फरक पडू शकतो. आता रेषा संगणकाच्या पडद्यावर आखल्या जातात, तरी हाडाचा मध्य ठरवावाच लागतो. शिवाय सपाट चित्रात हाड स्वतःभोवती किती फिरले आहे ते नीट कळत नाही. त्यासाठी काही ठिकाणी उभ्याने सीटी स्कॅन करतात.

कोनावरून शस्त्रक्रिया कशी ठरते?

वर्गीकरणे थोडी वेगवेगळी आहेत, पण ढोबळमानाने अंगठ्याचा कोन २० अंशांपर्यंत असेल तर विकार सौम्य, २० ते ४० अंश मध्यम आणि ४० अंशांपुढे तीव्र धरतात. चवड्याच्या दोन हाडांमधला कोन १६ अंशांच्या पुढे गेला की तोही तीव्रच.

सौम्य आणि बऱ्याच मध्यम विकारांत चवड्याचे हाड सांध्याजवळ कापून त्याचे टोक जागेवर सरकवतात. कोन मोठा असेल तर काप हाडाच्या दांड्यात किंवा मुळाशी घेतात. तीव्र विकारात, किंवा मुळाचा सांधा सैल असेल तर, तो सांधाच जोडून टाकतात. याचे कारण सरळ आहे. काप जितका मुळाशी, तितका मोठा कोन दुरुस्त करता येतो, मात्र शस्त्रक्रिया आणि नंतरची विश्रांती वाढते. नुसता उंचवटा तासला तर कोन तसाच राहतो आणि दुखणे परत येण्याची शक्यता वाढते.

कोन मोठा आहे म्हणून शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे मात्र नाही. ती वेदनेसाठी आणि चालण्यातल्या अडचणीसाठी करतात. रुंद पादत्राणे आणि इतर उपाय करूनही त्रास थांबत नसेल, तेव्हा ती कोणत्या प्रकारची करायची, हे ठरवायला कोन मदत करतो.

रॉन्टजेन यांनी पेटंट का घेतले नाही?

या शोधातून अफाट पैसा मिळेल, हे १८९६ मध्येच उघड झाले होते. उद्योगजगताकडून विचारणाही झाली. रॉन्टजेन यांनी पेटंट घेतले नाही. आपल्या शोधाचा लाभ सगळ्यांना मिळावा आणि तो एखाद्या कंपनीच्या परवान्यात अडकू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे कुणीही कारागीर, कुणीही रुग्णालय ही उपकरणे बनवू आणि वापरू शकले. काही महिन्यांतच एक्स-रे जगभर पोहोचला, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना मिळाले. ते पुरस्कार घ्यायला गेले, पण नोबेल व्याख्यान त्यांनी दिले नाही. पुरस्काराची रक्कम त्यांनी व्हुर्त्सबुर्ग विद्यापीठाला दिली. नावापुढे सरदारकीची फॉन ही उपाधी लावण्याची संधीही त्यांनी नाकारली. क्ष-किरणांवर त्यांनी एकूण तीनच निबंध लिहिले. तिसरा १८९७ मधला. १९०० पासून ते म्युनिकमध्ये शिकवत होते.

शेवटची वर्षे कशी गेली?

प्रसिद्धीसोबत वादही आले. कॅथोड किरणांवर आधी काम केलेल्या फिलिप लेनार्ड यांना श्रेय आपल्यालाही मिळायला हवे होते असे वाटत राहिले आणि ही कटुता कधीच संपली नाही. रॉन्टजेन यांनी या वादात फारसे उत्तर दिले नाही.

बर्था दीर्घ आजारानंतर १९१९ मध्ये गेल्या. त्या आजारपणात रॉन्टजेन स्वतः त्यांना वेदनाशामक इंजेक्शने देत असत. महायुद्धानंतरच्या भयंकर महागाईत त्यांची बचत आटली. व्हुर्त्सबुर्ग विद्यापीठाला दिलेल्या नोबेलच्या रकमेचेही मोल उरले नाही. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा गीसेनमध्ये आईवडिलांच्या शेजारी पुरण्यात आली. त्यांच्या इच्छेनुसार पत्रे आणि प्रयोगांची बरीच कागदपत्रे जाळून टाकण्यात आली. त्यामुळे ८ नोव्हेंबरच्या रात्रीचा तपशील आजही अपुरा आहे.

एक्स-रे सुरक्षित आहे का?

क्ष-किरणांचे धोके सुरुवातीला कुणालाच माहीत नव्हते. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली किरणांसमोर सतत हात धरत राहिले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. रॉन्टजेन मात्र काचपट्ट्या खराब होऊ नयेत म्हणून शिसे लावलेल्या जस्ताच्या मोठ्या पेटीत राहून काम करत. मापाच्या अचूकतेसाठी घेतलेल्या या काळजीने त्यांचेही रक्षण झाले. त्यांच्या कर्करोगाचा संबंध किरणांशी लावला जात नाही.

तेव्हाची पंधरा मिनिटे आता सेकंदाच्या अंशावर आली आहेत. पायाच्या एका एक्स-रेतून मिळणारे किरण निसर्गातून काही तासांत आपोआप मिळणाऱ्या किरणांइतकेच असतात. तरीही गर्भवतींनी तपासणीआधी तसे सांगायला हवे.

बनियनसाठी एक्स-रे काढणार असाल तर तो दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, उभ्याने काढला जातो आहे ना, एवढे जरूर विचारावे. डॉक्टरांनी कोन किती आला आणि त्यावरून कोणती शस्त्रक्रिया सुचते हे सांगितले, तर तो आकडा लिहून ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पुन्हा तसाच एक्स-रे काढतात, तेव्हा पाय किती सुधारला हे त्याच आकड्याशी ताडून पाहता येते.